तीन वाजता रांगणारं मशीन

१ मार्च १९८२, सोमवार

तीन वाजले की मशीन रांगायला लागतं. अख्ख्या कंपनीत एक कॉम्प्युटर, त्याला आठ टर्मिनल – एकाचा प्रोग्रॅम मोकाट सुटला की आठही जण हात बांधून बसतात! आमचा ऑपरेटर किसन म्हणाला, "बाई, एक अक्षर उमटंपर्यंत चा पिऊन हुतोय." चालू कामांची यादी काढली. सर्वांत जड काम खैरुन्निसाचं. बंद केलं. प्लॅनिंगमधली नवी मुलगी. उमेदवारी शनिवारी संपते.

२ मार्च

पुन्हा तीन. पुन्हा तीच. गिअरबॉक्सच्या सुट्या भागांची यादी बनवत होती, सकाळपासूनचं काम गेलं. "ठीक आहे, बाई," एवढंच म्हणाली. वाद न घालणारी माणसं मला कळत नाहीत.

३ मार्च

तिसऱ्यांदा! मालकांनी, नानासाहेबांनी, केबिनमध्ये बोलावलं. "पोरीला कायम करायचं की निरोप द्यायचा? मशीन तुमचं, शब्द तुमचा." म्हटलं, शिस्त नाही. शुक्रवारी लेखी देते.

४ मार्च, गुरुवार

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. लेखी द्यायचा मजकूर मनात तयार आहे. कागदावर उतरला नाही.

५ मार्च

दाढ काढून दोनला पोहोचले. खैरुन्निसाचं काम सकाळपासून चालू. चार वाजले तरी मशीन सुरळीत! किसनला विचारलं, आज वेगळं काय केलंस?

"काय न्हाई. तुमचा पहारेकरी तेवढा लावला न्हाई. तो तुमीच लावता नव्हं."

पहारेकरी म्हणजे माझाच प्रोग्रॅम. कोण मशीन अडवतंय ते दर पाच मिनिटांनी बघणारा – गेल्याच आठवड्यात लिहिला. लावून पाहिला. दर खेपेला स्वतःची नवी प्रत सुरू करतो, जुनी बंदच होत नाही. तासाला बारा. तीनपर्यंत पाऊणशेच्या वर! यादीत रोज ओळीने माझंच नाव होतं. मी ते वाचतच नव्हते. तिचं काम बंद केलं की मशीन जरा हलकं व्हायचं, आणि मला वाटायचं, चोर सापडला.

नानासाहेबांना लेखी दिलं. चूक माझी, मुलीला कायम करावं. "एवढं लेखी कशाला, बाई?" म्हणाले. कागद त्यांच्या हातातच ठेवून आले.

६ मार्च

खैरुन्निसाला कायम झाल्याचं पत्र मिळालं. मी माफी मागितली.

"मला मंगळवारीच कळलं होतं, बाई."

मग बोलली का नाहीस? नोकरी जात होती तुझी!

"तुम्हाला सांगायचं?"

किसनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. उरलेल्या टर्मिनलांवरच्यांनीही.