गच्चीवरची राजधानी

४ जानेवारी

ती. सौ. मावशीस सा. न.

आग्नेय आशियातल्या त्या राजधानीला यायला काका तयार झाले, हे वाचून मी दुकानात एका गिऱ्हाइकाला चष्म्याऐवजी नुसतीच डबी दिली. मग पुढची अट वाचली. आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे आधी घरी रंगीत तालीम, आणि ती फसली तर बेत रद्द.

मावशी, नदीतल्या होड्यांचं ते चित्र तुझ्या कपाटाच्या दारावर मी लहान होते तेव्हापासून आहे. यंदा जायलाच हवं, तिकिटं मी काढते. तेव्हा तालीम नीट कर. राजवाड्यात खांदे झाकलेले हवेत, चपला बाहेर. होडीत मधोमध बसायचं. विमानतळावर काकांनी थट्टा करायची नाही. खरं तर तोंडच उघडायचं नाही.

लोभ आहेच, तो हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको.

तुझी,
भाची

१५ जानेवारी

चि. काळजीवाहू हिस अ. उ. आ.

तालीम झाली. फसली. दम धर, पुढे वाच.

तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना आम्ही विमानतळावरचा अधिकारी केलं होतं. त्यांनी बॅग उघडली, तर आत काकांची उशी, इस्त्री आणि गजराचं घड्याळ. कपडे घरीच. हे काय म्हणून विचारलं, तर भाचीचा हुकूम म्हणून हे गप्प. बाईंनी सवयीने आ करायला लावला आणि एक दाढ काढावी लागेल म्हणाल्या.

राजवाडा गच्चीवर होता. जिन्यात मी वाट चुकले आणि भलत्याच बिऱ्हाडात पाणी पिऊन आले. दाराबाहेर काढलेल्या चपला केरवाली घेऊन गेली. होडी म्हणून जुनी खाट टाकली होती. मधोमध बसायचं म्हणून दोघंही मधोमध बसलो आणि खाट मोडली. तुझे काका तसेच आडवे झाले, वर आभाळाकडे बघत नदी छान आहे म्हणाले, आणि घोरायला लागले. परतीची म्हणून खाली यायची तालीम राहूनच गेली.

मला वाटलं, संपलं. पण उठल्यावर चहा पिताना म्हणाले, की बिघडायचं ते सगळं बिघडलं, आता जायला काय हरकत आहे. मी लगेच कपाटावरचं चित्र उतरवलं. तू तिकिटं कधीची काढलीस, ते लिहायला विसरलीस वाटतं.

काकांचे आशीर्वाद, दुखऱ्या दाढेसह.

तुझी,
मावशी

२३ जानेवारी

ती. सौ. मावशीस सा. न.

विसरले नाही. काढलीच नाहीत.

रोज तिकिटांच्या कचेरीपर्यंत जाते. खिडकी तुला द्यावी तर काका रुसतील, काकांना द्यावी तर ते झोपतील आणि खिडकी वाया जाईल. पंखावरची जागा मिळाली तर तुला वरून नदी दिसायची नाही. मग मी दारातूनच परत फिरते. तिकिटखिडकीवरचा माणूस आता मला बघून हात हलवतो. बाबा म्हणाले, की एवढ्या खेपांत मी चालत पोचले असते.

रागावू नकोस. रागावलीस तर तसं कळव, म्हणजे तेवढी एक काळजी मिटेल.

तुझी,
भाची

३० जानेवारी

चि. काळजीवाहू हिस अ. उ. आ.

चित्र होतं तिथे कपाटाचा रंग अजून ताजा आहे. रोज सकाळी साडी काढताना तो चौकोन माझ्याकडे बघतो. चित्र परत लावायला मी काही गोंद आणणार नाही.

कुठलीही जागा घे. मी पंखावरून वाकून बघीन. आणि हे एवढं एक काम तालीम न करता कर.

तुझी,
मावशी

६ फेब्रुवारी

ती. सौ. मावशीस सा. न.

काढली. दारातून आत गेले, डोळे मिटले, तारीख सांगितली, पैसे दिले आणि कुणी काही विचारायच्या आत पळत बाहेर आले. मिळालेल्या जागांपैकी खिडकी तुझी. मधली जागा काकांची, म्हणजे झोपले तर दोघींपैकी कुणाच्या तरी खांद्यावर पडतील. सगळं घर माझं कौतुक करत होतं. मग बाबांनी चष्मा लावून तिकिटं पाहिली.

मावशी, मी फक्त जायची काढली आहेत. उद्या पुन्हा कचेरीत जाते, पण आत शिरवेल की नाही सांगता येत नाही.

काकांना इतक्यात सांगू नकोस. नाहीतरी खाली यायची तालीम कुणी केलीच नव्हती.

लोभ आहे तसाच असू दे, निदान पोचेपर्यंत.

तुझी,
काळजीवाहू