वाय-फायवर माझी करडी नजर

४ नोव्हेंबर, सोमवार.
कारापुरात आमच्या घरी वाय-फाय आलं. कंपनीच्या माणसाने राउटर भिंतीला लावला, लॅपटॉपही जोडून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. सरकारी खात्यात हेडक्लार्क होतो मी. शुक्रवारी गौरवीची ऑनलाइन मुलाखत. पोर दोनदा शेवटच्या फेरीत हुकली. या खेपेस नेटवर्क बापाचं!

संध्याकाळी.
पासवर्ड चुकीचा, असं लॅपटॉप म्हणतो. लॅपटॉपच चुकीचा आहे.

जरा वेळाने.
जोडलं! (गौरवीने कॅप्स लॉक काढला. बाकी सर्व मी.)

५ नोव्हेंबर.
जोडणं कुणालाही जमतं. खरं काम देखरेखीचं. सकाळपासून स्पीड मोजतोय. शेवंती म्हणाली, "सारकें धांपण काडून पळयल्यार शीत शिजना हां." सारखं झाकण काढून बघू नये असा भात नव्हे हा, वाय-फाय आहे, असं बायकोला समजावण्यात अर्थ नाही.

६ नोव्हेंबर.
सुरक्षेसाठी वाय-फायचा पासवर्ड बदलला. राउटरच्या सेटिंगचं पान उघडायचा पासवर्डही बदलला. कुणालाही सांगायचा नाही असा निश्चय. गौरवी रडकुंडीला आली तेव्हा वाय-फायचा सांगितला. निश्चयाला अपवाद असतोच.

७ नोव्हेंबर.
चोर सापडला! फोनवर राउटरचं पान कालपासून उघडंच होतं; बघतो, तर आपल्या नेटवर एक अनोळखी यंत्र. नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे. शेजारचा अनंत, सावंतवाडीकडचा, खाणीच्या ट्रकवर असतो. काल फोन घेऊन आमच्या कुंपणाशी उभा होता. आणखी काय पुरावा हवा? यंत्र ब्लॉक केलं. मग अंगणात जाऊन त्याला ऐकू जाईल असा खाकरलो. गौरवी ड्रेस आणायला म्हापशाला गेली आहे. आली की सांगतो, तुझी वाट निर्धोक केली म्हणून.
(ती दमून आली, जेवून झोपली. राहिलं.)

८ नोव्हेंबर, शुक्रवार.
मुलाखतीची वेळ आली आणि लॅपटॉपला नेट नाही. राउटरचे दिवे मात्र हिरवेगार. गौरवीने विचारलं, "बाबा, काल काय केलंत?" अभिमानाने सांगितलं. तिने माझा फोन बघितला. म्हणाली, "बाबा, हा माझा लॅपटॉप."
ब्लॉक काढायला गेली, तर पान पुन्हा राउटरचा पासवर्ड मागू लागलं. नवा. तो इतका सुरक्षित आहे की मलाही आठवेना. मोबाइलची रेंज आमच्याकडे माडाच्या बुंध्याशीच, आणि तिथे खुर्ची टाकली तर वर नारळ.
गौरवीने लॅपटॉप उचलला आणि सरळ अनंतच्या घरी गेली. त्याच्या बायकोने, सुलोचनाने, टीव्ही बंद केला, पोरांना मागल्या दारी पिटाळलं. अनंत पायरीवर बसून कुत्री हाकलत होता. मी कुंपणाशी उभा. माझ्या हातातही फोन होता.

९ नोव्हेंबर.
निवड झाली! शेवंती पेढे घेऊन आधी अनंतकडे गेली. मलाही नेलं. मुलाखतीची मूळ तयारी माझीच, हे तिथे बोलून दाखवलं नाही. मोठेपणा.
अनंत म्हणाला, "काका, तुमचा नेट चलत नसात तर आमचो पासवर्ड घेवा. लाजा नको."
घेतला. शेजाऱ्याचं मन मोडू नये.
स्पीड मोजला. बरा आहे.