तंबाखूच्या घरातला शनिवार

आक्का,

तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी तुला पहिल्यांदा काही लिहितोय, तेही घराच्या वासाबद्दल. हसायचं असेल तर हस. सगळी गल्ली तुला आक्का म्हणायची म्हणून मीही आईला आक्काच म्हणत वाढलो. आपलं निपाणीतलं घर तंबाखूचं आहे हे मला माहीत होतं, पण जाणवत नव्हतं. पुढच्या सोप्यात आप्पांची पोती आढ्यापर्यंत रचलेली, शाळेतनं आलो की मी त्यांवर चढणार, आणि आत स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की लिंबाच्या सालीचा नि वाळ्याचा वास. मला वाटायचं, घराला असा वास आपोआपच असतो. सहावीत पोरांनी माझं दप्तर हुंगून मला 'जर्दा' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी तणतणत घरी आलो आणि आप्पांचा पावडरचा अख्खा डबा सोप्यात उधळला. तू मारलं नाहीस. पदर नाकाला लावून एवढंच म्हणालीस, "वास झाकायचा नसतो रं, काढायचा असतो." आणि माझ्या हातात केरसुणी दिलीस. मी झाडलं, पण शिकलो काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दप्तरात वाळा, लवंग नि कापराची पुरचुंडी निघाली. ती नाकाला लावून मी गणिताचा तास काढला होता.

आता मुद्द्यावर येतो. एक मुलगी आहे. उचगावची, बेळगावात माझ्याच कॉलेजात होती. ती अजून आहे, मी नाही. तिच्या वर्गाबाहेर उभं राहण्यात माझी हजेरी कमी पडली, सर बोलले, मी उलट बोललो आणि दुसऱ्या वर्षात दप्तर उचलून निघून आलो. डोकं कुणावर गेलंय ते तुला ठाऊक आहे, मला सांगायला लावू नकोस. तिनं घरी आमचं सांगितलं. तिच्या आईनं आधी नाहीच म्हटलं. पोरगं शिकलेलं नाही हे एक, आणि तंबाखूच्या घरात पोरगी द्यायची नाही हे दुसरं. त्या माउलीला तो वास सोसतच नाही, मळमळतं. शेवटी कशाबशा तयार झाल्या, रविवारी घर बघायला येतो म्हणाल्या. म्हणजे माझं सगळं आयुष्य त्यांच्या नाकावर येऊन ठेपलं.

शुक्रवारी मी बाजारातनं सुगंधी फवाऱ्याचे दोन डबे आणले. मोगरा आणि आणखी कसलातरी समुद्र. तासाभरात घराला मोगऱ्याखाली दडवलेल्या तंबाखूचा वास यायला लागला. मग माझं डोकं फिरलं. पोती एका अंगाला ढकलली आणि फरशीवर बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं. आक्का, पाणी चहासारखं लाल झालं आणि असा वास उठला की शेजारच्या काकी भिंतीवरनं विचारायला लागल्या, घरात काय तंबाखू उकळताय काय रं. मी खराटा घेऊन त्या लाल पाण्यात उभा, डोळ्यांत पाणी, ते वासानं की रडू येऊन ते मलाच कळेना, आणि आप्पा दारात. मला वाटलं आता बसणार एक. तर आप्पा पोत्यावर टेकले आणि पोट धरून हसायला लागले.

"तंबाखूला पाणी लावलंस व्हय? आरं, वजन वाढवायला शेतकरी लावतोय त्ये, वास दुप्पट उठतोय त्येनं. जन्म सगळा तंबाखूत गेला तुझा आन् एवढं कळंना?"

मी म्हणालो, मला कुणी शिकवलं नाही. आप्पांचं हसू थांबलं. म्हणाले, तुझी आक्का शिकवत होती, तू झोपत होतास. आणि मग ज्या माणसानं माझ्या देखत कधी चहाचा कप विसळला नाही, त्यानं धोतर खोचलं. शनिवारी फरशी दिवसभर वाळू दिली. संध्याकाळी शेजारच्या बंबातली राख आणली, चाळणीनं चाळली, त्यात वाळल्या कडुनिंबाचा चुरा मिसळला आणि फरशीवर पसरून तासभर तशीच ठेवली. राखेनं धूळ धरली की हलक्या हातानं, एकाच दिशेनं झाडायचं. धूळ उडाली तर मेहनत वाया. मग लिंबाची सालं उकळलेल्या पाण्यात फडकं बुडवून, घट्ट पिळून पुसायचं. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. वाकळा, उशा, पडदे दिवसभर उन्हात. कपाटात थाळीभर कोळसा. खिडकीत वाळ्याची जुडी, वर पाण्याचा हबका. धूप सगळ्यात शेवटी, आणि तोही चिमूटभरच. मी विचारलं, हे सगळं तुम्हाला कसं माहीत? आप्पा पोतं सरकवता सरकवता बोलत राहिले.

"लगीन हून आली तवा चार दिस जेवली न्हाई ती. वासानं. खानापूरकडची, भातातली पोरगी. पाचव्या दिशी उठली आन् मला म्हणाली, तंबाखू काय जाणार न्हाई, मी बी जात न्हाई. तवा केरसुणी कुठाय सांगा."

दर शनिवारी ते पोती सरकवायचे आणि तू झाडायचीस. हे मला तेविसाव्या वर्षी कळतंय.

रविवारी मायलेकी आल्या. तिच्या आईनं उंबऱ्यावर थांबून दीर्घ श्वास घेतला, आत आल्या, खुर्चीवर बसल्या, पोहे खाल्ले. मळमळ नाही. म्हणाल्या, तंबाखूचं घर म्हणून उगंच बदनाम करतात हो लोक. एवढ्यावर गप्प बसायचं की नाही मी? मुलगी डोळ्यांनी खुणावत होती, गप्प बस. पण झाकलेलं मला खुपायला लागलं. मी म्हणालो, "काकू, वास हाय. आठ दिवसांत परत येतोय. दर शनिवारी काढावा लागतोय." मुलीनं डोळेच मिटून घेतले. तिच्या आईनं बशी खाली ठेवली.

"मग दर शनिवारी काढणार कोण? आमची पोरगी?"

"न्हाई. मी."

"बोलाय काय जातंय. महिन्याभरात मी कधीतरी येतो. सांगून येणार न्हाई."

तेव्हापासून मी झाडतोय. पहिल्या शनिवारी पाठ धरली, दुसऱ्या शनिवारी राख कमी घातली म्हणून आप्पांचा ओरडा खाल्ला, तिसऱ्या शनिवारी मात्र एवढं सुरेख जमलं की मीच चारदा बाहेर जाऊन आत आलो, उंबऱ्यावरचा पहिला श्वास घ्यायला. शेजारच्या काकी आता लिंबाची सालं टाकून देत नाहीत, माझ्यासाठी भिंतीवर ठेवतात. वर टोमणा मारतात, सून यायच्या आधी सासूबाई तयार झाल्या बघा.

आणि महिना संपता संपता उचगावहून फोन आला. काकू येऊन बघून गेल्या होत्या. चटई उचलून खाली बघितलं, कपाट उघडून नाक आत घातलं, आप्पांच्या हातचा चहा प्यायल्या आणि घरी जाऊन म्हणाल्या, पोरगं रागीट आहे, पण कामाचं आहे. यंदा कॉलेजला परत नाव घालू दे, मग तारीख काढू. मी फॉर्म भरला आहे. सरांना जाऊन भेटलो, मान खाली घालून. हे ऐकून तरी तुला बरं वाटेल.

हे पत्र कुठं टाकणार, तुझ्या फोटोमागंही ठेवणार नाही, कारण तिथं आप्पांचा हात रोज जातो. पण एक गोष्ट तुला सांगायला हवी, ती उचगावच्या घरी अजून मीही सांगितलेली नाही नि तिनंही नाही. काकू आल्या तो चौथा शनिवार होता आणि मी घरात नव्हतो. वाळा आणतो म्हणून सकाळीच बेळगाव गाठलं होतं, आणि खरंतर त्यांच्याच पोरीबरोबर एका हॉटेलात डोसा खात बसलो होतो. घर आप्पांनी एकट्यानं झाडलं होतं, पोतीही एकट्यानंच सरकवली होती. शेजारच्या काकींनी भिंतीवरनं बघितलं ते मला सांगितलं: काकूंनी विचारलं, पोरगं कुठाय, तर आप्पा कोपरापर्यंत राखेनं भरलेले हात मागं लपवून म्हणाले, आत्ताच सगळं करून बाजारला गेलंय बघा.