मोठ्या नगाऱ्याचं कातडं

४ नोव्हेंबर १९५७, मुंबई

फाटलं! भर तालमीत मोठ्या नगाऱ्याचं कातडं टर्रकन फाटलं. सगळा ऑर्केस्ट्रा थांबला आणि वळून माझ्याकडे बघायला लागला, जसा काही मी कुणाचा मुडदा पाडला. पिंटो ट्रंपेटवाला फिसकन हसला. गेलो सरळ त्याच्या अंगावर! दोघांनी मागून धरलं म्हणून वाचला, नाहीतर पुढचे दात खिशात घालून घरी गेला असता. दातांशिवाय ट्रंपेट वाजवून दाखव म्हणावं.

कंडक्टर रुस्तमसाहेब ओरडले नाहीत. तेच वाईट. म्हणाले, भागोजी, रविवारच्या कार्यक्रमाला दोन्ही नगारे पाहिजेत, नाहीतर मी नेव्हीतून दुसरा माणूस मागवतो.

दुसरा माणूस! इतकी वर्षं सगळ्यांच्या मागे उभा राहून अर्धा अर्धा तास नुसते ठोके मोजतो, कधी एकदा आपली पाळी येते म्हणून. व्हायोलिनवाले मला पाठीमागे ढोलवाला म्हणतात. ह्या वेळच्या तुकड्यात एक जागा अशी आहे की सगळे गप्प आणि मी एकटा. फक्त माझे नगारे. ती जागा मी कुणाच्या बापाला देणार नाही.

५ नोव्हेंबर

विलायती कातडं मिळत नाही. सरकारने बाहेरचा माल बंद केला. दुकानदार म्हणतो, बकऱ्याचं लाव. गाढव! एवढ्या मोठ्या तोंडाला बकरा पुरतो होय?

पण माझ्याकडे एक आहे. नेव्हीच्या बँडमध्ये पोरगा म्हणून लागलो तेव्हाचा गोरा बँडमास्तर. रोज वेताने पोटऱ्या फोडायचा, आणि विलायतेला जाताना एक कोरं कातडं माझ्या हातात ठेवून गेला. वासराचं. ट्रंकेत तळाशी आहे. भिजवायचं, लाकडी कड्यावर ताणून बसवायचं, सावलीत वाळवायचं. खोलीत आम्ही पाच जण, तिथे कुठे वाळवू? उद्याच्या लाँचने उरणला घरी जातो.

६ नोव्हेंबर, उरण

घरात कुणी नाही. आये आणि धर्मा दोघंही कापणीला. धर्मा माझा धाकटा भाऊ. शेत तो बघतो, गाय तो बघतो, आयेला तो बघतो. मी ठोके मोजतो.

कातडं मोठं. घरातल्या कुठल्याच भांड्यात मावेना. शेवटी गोठ्यातल्या दगडी डोणीत भिजवलं. गाय तिथेच पाणी पिते, पण एक दिवस बादलीने पाजता येईल की!

संध्याकाळी आयेने विचारलं. बकऱ्याचं म्हणून सांगितलं. धर्मा डोणीपाशी बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, "एवढा मोटा बकरा कंच्या गावचा रं?" मी हसलो. तो नाही हसला.

७ नोव्हेंबर

कड्यावर बसवलं. काय मऊ आलंय! कड्याभोवती दुमडून चमच्याच्या दांड्याने आत सारायचं, कुठे सुरकुती राहता कामा नये. सकाळ त्यात गेली. पडवीत उभं करून ठेवलंय. वाळेपर्यंत जीव टांगणीला.

डोण मी धुतली. दोनदा धुतली. तरी गाय तोंड लावत नाही. हुंगते आणि मागे सरते. आये सांगते, हिचं वासरू दसऱ्याच्या आधी पान लागून, साप चावून मेलं, धर्माने स्वतः पुरलं, दोन दिवस जेवला नाही. मला कुणी कळवलं नव्हतं. मला काय माहीत!

८ नोव्हेंबर

सगळं लिहितो.

आये बाजारात गेली होती. धर्मा शेतावरून मधेच परत आला, हातात विळा. सरळ पडवीत गेला. म्हणाला, "वासराचा हाय ना? खरा बोल." मी म्हटलं, होय, वासराचं आहे, विलायतेतलं आहे, तुझ्या गायीचं नाही. त्याने विळा उचलला.

कातडं, नगारा, रविवार, रुस्तमसाहेब... डोक्यात एकदम गर्दी झाली. मागून धरला त्याला. त्याने कोपर मारलं, माझा ओठ फुटला. ओढत ओढत अंगणातून गोठ्यापर्यंत नेला. त्याचे केस माझ्या मुठीत होते. डोणीच्या कडेवर डोकं आपटलं. मग आणखी एकदा. पहिलं रागात होतं. दुसऱ्या वेळेला मला कळत होतं मी काय करतोय.

तो खाली बसून राहिला. रक्त फार नाही, केसात गेलं. मी पाणी दिलं, ते प्यायला. मग उठला, डोक्याला फडकं बांधलं, विळा घेतला आणि कापणीला निघाला. कोपऱ्यावर थांबून म्हणाला, "आयेला काय बोलू नको."

कातड्याला ओरखडासुद्धा नाही.

९ नोव्हेंबर, मुंबई

चढवलं! नगारा बोलतोय. कान जवळ नेऊन बोट टेकवलं तरी गुणगुणतो. रुस्तमसाहेबांनी ऐकलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पिंटोसुद्धा म्हणाला, सुंदर.

१० नोव्हेंबर, सकाळ

लाँचवरचा सदू निरोप घेऊन आला. धर्माला उलट्या होतायत, मान वर धरता येत नाही, आयेने बोलावलंय, लगेच नीघ म्हणाली.

आज संध्याकाळी कार्यक्रम! ऊन लागलं असेल. कापणीत लागतंच. सदूला म्हटलं, डॉक्टर बोलवा म्हणून सांग, मी उद्या सकाळच्या लाँचने येतो. सदू उभाच राहिला. मी त्याच्यावर खेकसलो तेव्हा गेला.

१० नोव्हेंबर, कार्यक्रमानंतर

वाजवलं! असं आयुष्यात वाजवलं नव्हतं. सगळे थांबले, हॉलमध्ये कुणी खोकेना, आणि मी एकटा. आधी हलकेच, मग चढवत चढवत नेलं, शेवटी असं बडवलं की समोरच्या बाईने छातीवर हात ठेवला. रुस्तमसाहेबांनी टाळ्यांच्या वेळी मला उभं केलं. मला! ढोलवाल्याला! पिंटोने मिठी मारली. मी रडलो. आनंदाने रडलो, खोटं कशाला लिहू.

११ नोव्हेंबर, उरण

धर्मा रात्री गेला. मोठा भाऊ आग देईल म्हणून माझ्यासाठी थांबले होते. आयेला त्याने सांगितलं होतं, भारा घेऊन बांधावरून पडलो. तरी तिने मला विचारलं, "त्याचे डोक्याला काय लागला व्हता रं?"

मी सांगितलं. दोन्ही वेळचं.

ती रडायची थांबली. म्हणाली, "मंग आग तू देऊ नको."

चुलतभाऊ काळूरामने दिली.