अपात्र लिहिताना

बाबा, काल मी एका बाईंना अपात्र ठरवलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

आमच्या वैद्यकीय कॉलेजच्या ग्रंथालयात ग्रंथपालाची जागा निघाली. मी तिथली मुख्य ग्रंथपाल, म्हणून निवड समितीत होते. त्या बाई अठरा वर्षं आमच्याकडे मदतनीस आहेत. डॉक्टर मला सोडून त्यांनाच विचारतात. कुठला लेख कुठल्या अंकात आहे, त्या बसल्या जागी सांगतात. पण ग्रंथालयशास्त्राची पदवी नाही. मी शेरा लिहिला, सही केली. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "मॅडम, काम तर मीच करून राहिली. मग त्याचा पगार मले काहून नाही?"

तुम्ही कारखान्याच्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून हेच करत होता. मी दहावीत असेन. मशीन बंद पडलंय, इंजिनियर धावत आलाय, आणि तुम्ही कपाटातून नेमका नकाशा काढून त्याच्या हातात देताय. त्याच वर्षी पदवीवाला नवा ग्रंथपाल आला. महिनाभर तुम्हीच त्याला सगळं शिकवलंत. भाकरी थापता थापता आई म्हणाली, "शिकवता तुम्ही, अन् साहेब तो?" मी म्हटलं, "एका कागदासाठी!" तर तुम्ही माझ्यावरच चिडलात. "कागद म्हणू नको वं. शिकला आहे तो. मले नाही जमलं, तू शीक."

मी शिकले. पदवीची अट सोडली तर संस्था कोणालाही कमी पगारावर बसवतील, हे मीच ग्रंथपालांच्या संघटनेच्या बैठकीत तावातावानं सांगत आले. आम्हाला प्राध्यापकांच्या बरोबरीचा पगार मिळाला तो त्या पदवीच्याच जोरावर. हे खरंच आहे. पण त्या बाईंचंही खरं आहे. दोन्ही खरं असेल तर मी काल केलं ते काय, हे मला कळत नाही.

आज सकाळी मुक्त विद्यापीठाचा अर्ज त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी घडी घालून पिशवीत टाकला. "पाहते," म्हणाल्या. रागावल्या की काय, तेही समजलं नाही.

तुम्ही असता तर कोणाची बाजू घेतली असती? हे पत्र कुठं पाठवणार, म्हणून एक सांगून टाकते. माझ्या पहिल्या नोकरीच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढं मी 'ग्रंथपाल' लिहिलं होतं. तुम्हाला विचारलं नव्हतं.