पेंडलबरीला जानेवारीत सांगितलं

थॉर्नबेक,
११ जानेवारी

प्रिय ब्रायनी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. सदतीस वर्षं लोकांच्या दारात पत्रं टाकली, पण स्वतः लिहिलेली मोजायला दोन हातांची बोटंसुद्धा लागणार नाहीत. आपण दर रविवारी फोनवर बोलतो, पण ते हवामानावर. तिकडे अ‍ॅबर्डीनला बर्फ किती पडला, इकडे पाऊस किती. ते संपलं की तू विचारतेस, "बाकी ठीक ना, डॅड?" आणि मी म्हणतो, "मला काय धाड भरलीय." फोन ठेवल्यावर लक्षात येतं की आठवडाभरात मनुष्यप्राण्याशी एवढंच काय ते बोललो. एनिड तेवढी रोज सकाळी मागच्या दारातून डोकावते. "जिवंत आहेस ना रे, विल्फ? नसलास तर तुझी शिडी मी नेणार," म्हणते आणि आपल्या घरी जाते. शेजारीण म्हणून तिचं बरं चाललंय, फक्त गुडघे कुरकुरतात. त्या शिडीवर ती कशी चढणार आहे ते तिलाच ठाऊक.

मागची खोली तू सोडून गेलीस तशीच आहे. आईचं शिवणयंत्र खिडकीशी, आणि त्याच्या शेजारी आपला तो जुना कॉम्प्युटर. तुझी आई, नेस्टा, गेली त्या हिवाळ्यात तू तो घेऊन आलीस. मला वाटलं, आता या वयात मी पडद्यावर फुटबॉलचे संघ चालवणार की काय. पण तिच्याबद्दल न बोलता एका खोलीत बसायला आपल्या दोघांना काहीतरी हवं होतं, हे तुला माझ्या आधी कळलं. एक कॉम्प्युटर, दोन मॅनेजर. मी आपल्या गावाचा संघ घेतला आणि तू मला चिडवायला मुद्दाम नदीपलीकडच्यांचा. एकाचा डाव चालू असताना दुसऱ्याने स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवायचा, चोरून बघायचं नाही. कोणी काय ठरवलं ते वहीत लिहायचं, माझं हिरव्या शाईत आणि तुझं जांभळ्या.

आपली भांडणं व्हायची ती म्हाताऱ्या खेळाडूंवरून. माझ्याच्याने कोणाला काढवत नसे. गोलकीपर गॉरिंजला मी एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळवला आणि एका दुपारी त्याने सहा गोल खाल्ले. तू हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होतीस. "डॅड, हा संघ आहे की वृद्धाश्रम?" म्हणालीस. तुझी रीत पक्की होती. तिशी उलटली की त्याच्याकडे नीट बघायला लागायचं. पाय मंदावले की कडेने धावणाऱ्याला मधे आणायचं, तिथे डोकं चालवून भागतं. मग सगळे सामने द्यायचे नाहीत, निवडक द्यायचे, आणि नव्या पोरांना त्याच्या हाताखाली घालायचं. शेवटचं सांगायचं तेही जानेवारीत. "जूनमध्ये करार संपला की दार दाखवायचं हा दगा झाला, डॅड. जानेवारीत समोर बसवून सांगायचं. त्याच्या अंगात थोडी धमक असतानाच. म्हणजे पुढचं तो स्वतः ठरवू शकतो." मी तुला दगडाच्या काळजाची म्हणायचो. आज ते शब्द परत घ्यावेसे वाटतात.

कारण पेंडलबरीच्या वेळी तुझंही काळीज दिसलं. तो कॉम्प्युटरने जन्माला घातलेला, जगात कुठेही नसलेला माणूस, पण सोळाव्या वर्षी तू त्याला घेतलास आणि वीस हंगाम सांभाळलास. वेग वीसपैकी अठरा होता त्याचा. माझ्या बचावफळीची त्याने काय दैना केली ती वहीत जांभळ्या शाईत लिहून ठेवलीयस, शेजारी हसरं तोंड काढून. छत्तिसाव्या वर्षी वेग सातवर आला. डोकं मात्र तसंच शांत, एकोणीस. तीन वर्षांपूर्वीच्या ख्रिसमसला पडद्यावर एक जानेवारी उजाडली आणि तुझा हात माउसवर नुसताच राहिला. मी चहा घेऊन आलो आणि टोमणा मारला, "काय गं, तुझा जानेवारी कुठे गेला?"

तू पेंडलबरीबद्दल बोललीच नाहीस. पडद्याकडे बघतच म्हणालीस, "डॅड, तू या घरात एकटा किती दिवस काढणार? आमच्या गल्लीत तळमजल्यावरची एक जागा रिकामी होतेय." आणि मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच. "हां, म्हणजे आता माझा नंबर. मलाही विकून टाक, कोणी घेत असेल तर." तू कप खाली ठेवलास आणि दुसऱ्या दिवशी ठरल्यापेक्षा आधीची गाडी पकडलीस. मी फाटकापर्यंतसुद्धा आलो नाही. त्याची मला लाज वाटते, ब्रायनी.

तेव्हापासून खेळ तुझ्या डावावर अडला होता. रोज दुपारी मी तो चालू करायचो. पडद्यावर एकच ओळ यायची, ब्रायनी ऑरमरॉड यांच्या निर्णयाची वाट पाहत आहे. ती वाचायची, पडद्यावरची धूळ पुसायची आणि बंद करायचं. तुझ्या डावाला मी हात लावला नाही. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटायचं. तू येऊन बटण दाबेपर्यंत पेंडलबरी छत्तीसचाच राहणार होता आणि त्याला कोणी काही सांगणार नव्हतं. खोलीत पेंडलबरी आणि मी, आम्ही दोघंच असायचो. मी एकटा आहे हे मला त्या खोलीत सगळ्यात जास्त जाणवायचं, आणि तरी मी तिथेच जाऊन बसायचो.

गेल्या मंगळवारी दुपारी मी तिथे बसलो एवढं आठवतं. पुढचं एनिडकडून कळलं. ती आली तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कप चहा होता, एकात दोन चमचे साखर, तू घेतेस तशी. मी जिन्याखाली उभा राहून वर हाका मारत होतो, "ब्रायनी, चहा गार होतोय. ये, तुझा डाव." एनिड चेष्टा करेल असं वाटलं, पण ती खुर्चीत बसली आणि हळूच म्हणाली, "विल्फ, ब्रायनी आता इथे राहत नाही रे." मग तिने तुझ्या कपातला चहा पिऊन टाकला. तिला साखर वर्ज्य आहे, तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली. तुझ्या रकान्यात, तुझ्या जांभळ्या शाईत, माझं अक्षर होतं. "पेंडलबरीला बोलावलं. हंगाम संपला की थांबायचं, असं सांगितलं. रागावला नाही. लहान संघाला शिकवायला राहतो म्हणाला." म्हणजे तुझा डाव मी खेळून टाकला होता आणि मला पत्ताच नव्हता. तो तुझा खेळाडू होता, त्याला तूच सांगायला हवं होतंस. माफ कर. पण एक गोष्ट राहून राहून वाटते. मी माझ्या रीतीने खेळलो असतो तर त्याला आणखी दोन वर्षं दिली असती. मी तुझ्या रीतीने खेळलो. तुझ्याशी इतकी वर्षं वाद घातला, पण तुझं म्हणणं कुठेतरी आत उतरलं होतं म्हणायचं.

शुक्रवारी एनिडने मला हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, पाच शब्द दिले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मला दोन आठवले. या गावातल्या चारशे दहा घरांतली माणसं मला नंबरासकट पाठ होती. अजून तपासण्या आहेत, पण त्या बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "ही सुरुवात आहे, मिस्टर ऑरमरॉड. अजून बराच काळ तुमचे निर्णय तुम्हीच घ्याल," म्हणाल्या. बाहेर आल्यावर एनिड म्हणाली, पोरीला फोन कर. मी म्हटलं, फोनवर मी हवामान सांगत बसेन.

म्हणून हे पत्र. जानेवारी आहे, ब्रायनी, आणि माझ्या अंगात थोडी धमक आहे तोवर मीच तुला समोर बसवून सांगतोय, म्हणजे जूनमध्ये ते सांगायची वेळ तुझ्यावर येणार नाही. ती तळमजल्यावरची जागा केव्हाच गेली असेल, त्याचं काही नाही. तीन वर्षांपूर्वी विचारला होतास तो प्रश्न मला पुन्हा एकदा विचार. रविवारी, हवामानाच्या आधी. या वेळी मला हो म्हणायचं आहे. विसरायला नको म्हणून "हो" असं मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या वर भिंतीला चिकटवून ठेवलंय.

तुझाच,
डॅड