जावयाचा दात आणि शिक्षेचं बाकडं

तीर्थरूप ओल्हाताईस,

धाकट्या ओरेस्टचा, दोहोंपैकी जो गुडघा अजून वाकतो तो टेकून, नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावजींचा ट्रॅक्टर सुरू झाला का? इकडे सास्काचेवानात थंडी अशी की गायसुद्धा गोठ्याबाहेर डोकावत नाही. बाकी सर्व क्षेम. फक्त मला माझ्याच लेकीच्या लग्नाला यायची बंदी झाली आहे.

तुला माहीतच आहे, मी आइस हॉकी खेळून पोट भरलं, पण उभ्या कारकिर्दीत गोल केला एकच (तोही चकती माझ्या पार्श्वभागाला लागून आत गेली म्हणून). माझं काम निराळं. आमच्या गोल करणाऱ्या एखाद्या किडमिड्या पोराला कुणी ढकललं की मी बर्फावर उतरायचं, हातमोजे खाली टाकायचे, समोरच्यानंही टाकायचे, मग दोघांनी एकमेकांना यथासांग बुकलून शिक्षेच्या बाकड्यावर पाच मिनिटं शहाण्यासारखं बसायचं. निवृत्त झालो तेव्हा गावानं जुनं स्टेडियम पाडलं आणि ते बाकडंच मला सप्रेम भेट दिलं. ते आता गॅरेजात असतं. बर्फानं भरलेले बूट घेऊन मी स्वयंपाकघरात शिरलो की बायको डार्लीन मला तिकडे पाठवते.

तर काल चर्चच्या हॉलमध्ये लग्नाआधीचं जेवण होतं. होणारा जावई ट्रेव्हर (बँकेत असतो, लोण्याहून मऊ) हात मिळवायला पुढे आला. हातमोज्यातून कसला हात मिळवायचा, म्हणून मी ते काढायला गेलो आणि दोन्ही सटकून जमिनीवर पडले.

झालं! लोकांनी न सांगता टेबलं बाजूला घेतली. स्टेफामावशींनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. फादर बोहदान बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगींची परात उचलून खिडकीत उभे राहिले (पेरोगी वाचल्या, देवाची कृपा). मी म्हणणारच होतो की अरे, चुकून पडले. पण ट्रेव्हर, पांढऱ्याफटक चेहऱ्यानं, खिशातले स्वतःचे मोजे काढून खाली टाकत होता! वडीलधाऱ्यानं टाकले आणि आपण नाही टाकले, तर गावात तोंड दाखवायची सोय नाही ना. पोरानं एवढा मान ठेवल्यावर मी माघार घेऊन त्याची अब्रू घालवू? कॉलर धरली आणि अगदी प्रेमानं एकच दिली.

पुढचा दात आंबट सायीच्या वाडग्यात पडला. ट्रेव्हर गळ्यात पडून म्हणतो, "बाबा, आता मी खरा घरचा!" लोकांनी टेबलं बडवली. पण डार्लीन (मुलींच्या सामन्यांत पंच असते, शिट्टी कायम गळ्यात) शिट्टी फुंकत आली. "शनिवारी फोटोत नवरदेव बोळका! आणि तुम्ही? बसा बाकड्यावर, लग्न उरकेपर्यंत!"

तेव्हापासून ब्लँकेट गुंडाळून गॅरेजात आहे. ताई, आयुष्यभर परक्यांच्या पोरांची राखण केली, आणि आता माझ्या लारिसाचा हात धरून तिला चर्चमध्ये कोण नेणार? मला खरंच रडू येतंय.

तुझा, बाकड्यावरचा,
ओरेस्ट

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. तुझ्या बटणांच्या डब्यात माझा जुना नकली दात आहे, तो घेऊन ये. तोंडातला आत्ताचा काढून ट्रेव्हरला लावून पाहिला. असा बसला की मापानंच केला म्हणावं. पण मग मी बोळका होतो.

पुन्हा ता. क. : आत्ता लारिसा येऊन शेजारी बसली. म्हणाली, "बाबा, शनिवारी तुझे हातमोजे आधीच माझ्याकडे दे. तुला माझा हात धरायचाय." मी म्हटलं, "आणि आई?" तर म्हणे, "आईनंच पाठवलंय मला. तिचं म्हणणं एवढंच, की दोघांच्याही तोंडात दात दिसायला हवेत." तेव्हा ताई, कंबर राहू दे बाजूला, बटणांचा डबा घे आणि निघ.